जुना सॅक्सोफोन आणि नवा

(पॅरिशच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, वाद्यमेळाच्या हरिहरेश्वर येथील दोन दिवसांच्या मुक्कामात केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस या मुक्कामात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, आणि विषयही तिनेच नेमून दिला. समितीपुढे प्रश्न असा आहे की, वाद्यमेळासाठी जमलेल्या निधीतून आपला जुना सॅक्सोफोन दुरुस्त करून घ्यावा, की तो विकून त्या पैशांत भर घालून नवा आणावा. या प्रश्नावरून आपल्या मंडळींत दोन तट पडले आहेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, जुन्याचा आवाज नव्यास येणे नाही. तरुण मंडळी म्हणतात, जुनी पितळ कवटाळून बसण्यात अर्थ तो काय? आम्ही आयुष्याचा बराच काळ हे वाद्य वाजविण्यात व शिकविण्यात घालविला, म्हणून आमचे मत विचारण्यात आले. ते देण्यापूर्वी या वाद्याची थोडी हकीकत सांगणे, आणि त्याच्या संबंधात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली देणे आम्हांस अवश्य वाटते.

काल सायंकाळी ओहोटीची वेळ साधून आपण प्रदक्षिणेच्या वाटेने पायऱ्या उतरलो आणि समुद्रापाशी गेलो. लाटांनी व खाऱ्या वाऱ्याने तेथील काळ्या खडकांस पाडलेली जाळी आणि खळगे आपण पाहिले. त्या वेळी आमच्या मनात समितीचाच प्रश्न घोळत होता. जो वारा असला खडक खातो, तो पितळेची नळी आणि पोलादाची स्प्रिंग यांस सोडील काय? आपण कोकणातले लोक. आपली वाद्ये चार महिने पावसात आणि आठ महिने खाऱ्या हवेत राहतात. जुन्या वाद्यांची थोरवी सांगणारी परदेशी पुस्तके आपला पावसाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली नसतात, हे आरंभीच ध्यानात धरलेले बरे.

आता वाद्याकडे वळू. त्याचा जनक अडोल्फ साक्स हा १८१४ साली आजच्या बेल्जममधील दिनां या गावी जन्मला. १८४६ साली त्याने पॅरिस येथे या वाद्याचे पेटंट मिळविले, आणि स्पर्धकांशी खटले लढता लढता व दिवाळे सोसता सोसता १८९४ साली तो तेथेच वारला. सॅक्सोफोनाचे शरीर पितळेचे असले तरी त्याची गणना कर्णा किंवा ट्रंपेट यांच्या कुळात होत नाही. कारण त्याचा नाद ओठांच्या कंपाने उत्पन्न होत नसून वेताच्या एका पातळ पट्टीने होतो. तीस वादक रीड म्हणतात. सनईसही अशीच पाती असते, परंतु ती दुहेरी. क्लॅरिनेटास एकेरी असते. साक्सने क्लॅरिनेटाची एकेरी रीड घेतली आणि ती शंकूप्रमाणे उत्तरोत्तर रुंद होत जाणाऱ्या पितळी नळीस जोडली. या शंकूच्या आकारामुळे वरच्या व खालच्या सप्तकांत बोटांची ठेवण बहुतांशी एकच राहते. क्लॅरिनेटात ती तशी राहत नाही. हे मूळ तत्त्व १८४६ पासून आजतागायत बदललेले नाही. यावरून जुना सॅक्सोफोन व नवा सॅक्सोफोन यांत जातीचा भेद नाही, हे उघड आहे. भेद आहे तो मुख्यतः चाव्यांच्या रचनेचा, नळीच्या बारीकसारीक मापांचा आणि सुराच्या पट्टीचा.

प्रथम चाव्यांचा भेद घेऊ. आरंभीच्या वाद्यांत वरच्या सप्तकासाठी अंगठ्याने दाबावयाच्या दोन निरनिराळ्या चाव्या असत, आणि कोणती केव्हा दाबावी हे वादकास सांभाळावे लागे. पुढे एकच चावी दाबली असता यंत्रणा स्वतःच योग्य ते छिद्र उघडू लागली. १९२० च्या दशकात अमेरिकेत या वाद्याचे मोठे वेड पसरले. इंडियाना प्रांतातील एल्कहार्ट या गावच्या कारखान्यांतून सॅक्सोफोन गाड्या भरभरून बाहेर पडू लागले. आज जगात जे जुने सॅक्सोफोन दिसतात, त्यांतील पुष्कळ या काळचे होत. ते मजबूत असत. काहींत तर छिद्रांच्या कडा वळवून गोल केलेल्या असत. परंतु डाव्या हाताच्या करंगळीने दाबावयाच्या खालच्या स्वरांच्या चाव्या त्यांत बहुधा जड असत. १९३० च्या दशकाच्या मध्यास पॅरिसच्या सेल्मर कारखान्याने त्या चाव्यांची यंत्रणा वाद्याच्या उजव्या अंगास नेली, आणि करंगळीचे कष्ट पुष्कळ कमी झाले. याच कारखान्याने १९५४ साली 'मार्क सहा' हा नमुना काढला व सुमारे वीस वर्षे चालविला. आजच्या बहुतेक सॅक्सोफोनांची ठेवण त्याच वळणाची आहे. १९६७ पासून जपानच्या यामाहा कारखान्याने या धंद्यात पाऊल टाकले, आणि सुराने नेमका, चाव्यांस हलका असा सॅक्सोफोन विद्यार्थ्याच्या हाती येऊ लागला.

दुसरा भेद नळीच्या व माउथपीसच्या मापांचा. जुन्या वाद्यांबरोबर येणारे माउथपीस आतून ऐसपैस व गोल पोकळीचे असत. त्यामुळे नाद भरदार व मऊ निघे. पुढे नृत्यगृहांच्या व वाद्यवृंदांच्या गलबल्यात आवाज उठून दिसावा म्हणून माउथपीस आतून अरुंद होत गेले, आणि नाद अधिक तेजस्वी व धारदार झाला. जुन्या नळीवर असा नवा अरुंद माउथपीस चढविला की कित्येक वेळा सूर जागच्या जागी राहत नाहीत. वादक मात्र म्हणतो, जुने वाद्य बेसूर आहे. वास्तविक वाद्य बेसूर नसते. त्यास परके तोंड लावलेले असते.

तिसरा भेद पट्टीचा, आणि जुने वाद्य विकत घेणाऱ्याने तो विसरून चालत नाही. पूर्वी सर्वत्र एकच पट्टी नव्हती. अमेरिकेत 'उंच पट्टी'चे म्हणून जे सॅक्सोफोन बनत, त्यांत 'ए' हा स्वर सेकंदास सुमारे ४५७ कंपनांचा धरलेला असे. 'खालच्या पट्टी'च्या वाद्यांत तो ४४० चा असे. १९३९ साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ४४० हेच माप ठरले. या दोन पट्ट्यांतील अंतर अर्ध्या स्वराच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. उंच पट्टीचे वाद्य माउथपीस बाहेर ओढून खाली आणू म्हटल्यास एखादा स्वर जुळतो, बाकीचे बिघडतात. कारण नळीची व छिद्रांची मापेच निराळी असतात. दिसावयास कितीही देखणे असले तरी असे वाद्य आपल्या ऑर्गनाबरोबर वाजू शकत नाही. सुदैवाने आपल्या वाद्यावर खालच्या पट्टीचे 'एल' हे अक्षर कोरलेले आहे. ते आम्ही येथे येण्यापूर्वी पुन्हा पाहून घेतले.

आता नादाविषयी. पितळ जुनी झाली की आवाज गोड होतो, असे पुष्कळांचे मत आहे. 'मार्क सहा'ची वाद्ये महायुद्धातील तोफगोळ्यांच्या टरफलांच्या पितळेपासून बनली म्हणून ती इतकी सुरेल, अशीही एक आख्यायिका वादकांत फिरते. तिला आधार नाही. वाऱ्याच्या वाद्यात नाद करते ती आतली हवा. नळीची भिंत तिला आकार देते. जॉन कोल्टमन या शास्त्रज्ञाने १९७१ साली चांदी, तांबे व लाकूड यांच्या एकाच आतील मापाच्या बासऱ्या करून ऐकणाऱ्यांची परीक्षा घेतली. कोणती बासरी कशाची, हे त्यांस कानाने ओळखता आले नाही. प्रयोग बासरीचा होता हे खरे, तरी त्याचा बोध आपल्या विषयासही लागू पडतो. चार्ली पार्कर या अमेरिकेतील थोर वादकाने १९५३ साली टोरोंटो येथील मॅसी हॉलमध्ये जे वादन केले, ते इंग्लंडात बनलेल्या प्लास्टिकच्या सॅक्सोफोनावर. ते वादन आजही लोक आवडीने ऐकतात. तेव्हा जुन्या वाद्याचा जो वेगळा नाद आपण ऐकतो, तो त्याच्या वयाचा नसून त्याच्या मापांचा, त्याच्या माउथपीसचा, आणि सर्वांत अधिक वादकाच्या श्वासाचा असतो. आमच्या सनईवाल्या मित्रांस हे सांगावे लागत नाही. सनई एक, पण पाती निवडण्यात व भिजवून ठेवण्यात ते किती काळजी घेतात, हे आपण देवळांच्या चौघड्यापाशी व लग्नमंडपात पाहिलेच आहे.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींनी विचारात घ्यावी. ज्यास आज आपण जुना म्हणतो, तो सॅक्सोफोन कोणे एके काळी नवाच होता. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा मेळा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, तेव्हा मुंबईकरांस ते वाद्य अगदी नव्या चालीचे वाटले असेल. १९३९ पासून मिकी कोरिया यांनी त्याच हॉटेलात दीर्घकाळ मेळा चालविला. गोमंतकातील पॅरिश शाळांत, ज्यांस तिकडे मेस्त म्हणत अशा शिक्षकांपाशी स्वरलिपी व व्हायोलिन शिकलेली मुले मुंबईस येत, गावच्या कुडांत उतरत, आणि पाहता पाहता मेळ्यांत व पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसत. मनोहारी सिंग हे १९५८ साली कलकत्त्याहून मुंबईस आले. १९६४ च्या 'कश्मीर की कली' या चित्रपटातील त्यांचा सॅक्सोफोन आजही कानांत घुमतो. मंगळूरचे कद्री गोपालनाथ यांनी तरुणपणी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात हे वाद्य ऐकले, आणि त्यावर कर्नाटक संगीतातील गमक निघावे म्हणून त्यात फेरफारही केले. १९९४ साली लंडनच्या प्रॉमेनेड संगीतोत्सवात त्यांचे वादन झाले. यांपैकी कोणीही आपले वाद्य जुने म्हणून पूजले नाही. मिळाले ते वाद्य त्यांनी आपल्या श्वासास व आपल्या संगीतास वळविले.

आपल्या वाद्यमेळाचे कामही ध्यानात घेतले पाहिजे. दहावे पायस यांनी १९०३ साली काढलेल्या आज्ञापत्राने मंदिरात बँड वाजविण्यास मनाई केली, परंतु मंदिराबाहेरील मिरवणुकीत तो बिशपांच्या अनुमतीने वाजविण्यास मोकळीक ठेविली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर वाद्यांसही, ती उपासनेस योग्य असल्यास, अधिकाऱ्यांच्या संमतीने मंदिराचे दार उघडले. म्हणजे आपला सॅक्सोफोन आज दोन्हीकडे वाजतो. मिरवणुकीत तो धूळ, घाम व वारा खातो. मंदिरात त्यास ऑर्गनाशी तंतोतंत जुळावे लागते. ज्या वाद्यास अशी दुहेरी चाकरी करावयाची, ते नाजूक तब्येतीचे असून चालत नाही.

आता आम्ही कबुलीकडे येतो. आपला जुना सॅक्सोफोन अमेरिकेत १९२० च्या दशकात बनलेला. पॅरिशच्या वडीलधाऱ्यांनी तो मुंबईत एका वृद्ध वादकापासून विकत घेतला, आणि आमच्या गुरुजींनी त्यावर आम्हांस शिकविले. गुरुजींच्या पश्चात तो आमच्या हाती आला. सुमारे तीस वर्षांपूर्वी बारा वर्षांचा एक मुलगा आमच्यापाशी शिकावयास येऊ लागला. वरचे स्वर तो ठीक काढी. परंतु खालच्या स्वरांशी आला की आवाज फाटे, घोगरा होई, किंवा एकदम वरच्या सप्तकात उडे. आम्ही त्यास म्हणालो, तुझ्या छातीत दम नाही. म्हणालो, तू घरी तालीम करीत नाहीस. हेही म्हणालो की, याच वाद्यावर आमचे गुरुजी वाजवीत, तेव्हा वाद्यास बोल लावू नकोस. त्याने बोल लावलाच नव्हता. दोन पावसाळे त्याने हे सोसले, आणि एके दिवशी पेटी आमच्या ओसरीवर ठेवून तो गेला. पुन्हा त्याने कोणतेही वाद्य हाती धरले नाही.

पुढे काही महिन्यांनी सणाच्या तयारीत खालचे स्वर आम्हांसही साधेनात, तेव्हा वाद्य घेऊन आम्ही मुंबईस एका कारागिराकडे गेलो. त्याने खोलीत अंधार केला, तारेस बांधलेला लहानसा दिवा नळीत सोडला, आणि चाव्या हलकेच मिटल्या. चाव्या मिटल्या असता आतून उजेड दिसता कामा नये. आम्हांस तीन ठिकाणी चंद्रकोरीसारखा उजेड दिसला. चाव्यांखालील चामड्याची पॅडे दमट हवेने फुगून व पुन्हा सुकून वाकडी झाली होती. जितका स्वर खालचा, तितकी अधिक छिद्रे घट्ट मिटावी लागतात. म्हणून गळतीचा फटका प्रथम खालच्या स्वरांस बसतो. कारागिराने विचारले, मग आपण आजवर वाजवीत कसे होता? उत्तर सोपे होते. आमची बोटे वर्षानुवर्षे जोर लावून ती गळती दाबून धरीत होती, आणि हे आमचे आम्हांसही कळले नव्हते. बारा वर्षांच्या मुलाच्या बोटांत तो जोर कोठून असणार? दोष पॅडांचा होता. शिक्षा त्या मुलास झाली. आणि ती देताना आम्ही गुरुजींच्या नावाचा आधार घेतला, ही गोष्ट आम्हांस अधिक टोचते.

त्या मुलाकडे जाऊन हे सांगण्याचे धैर्य आम्हांस तीस वर्षे झाले नाही. आता त्याची अकरा वर्षांची कन्या आपल्या वाद्यमेळात येऊ इच्छिते, आणि तिला सॅक्सोफोनच शिकावयाचा आहे. गेल्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो व सर्व हकीकत सांगितली. त्यांच्या अनुमतीनेच ती आज येथे बोललो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलीच्या हाती द्याल ते वाद्य आधी दिवा घालून बघा." आमच्या मते समितीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या या एका वाक्यात आले आहे. वाद्य जुने की नवे, हा प्रश्न दुसरा. ते निर्दोष मिटते की नाही, हा पहिला.

यावरून आमची सूचना अशी. शिकणाऱ्यांसाठी नवा आल्टो सॅक्सोफोन घ्यावा. तो झगमगीत नसला तरी चालेल. पण ४४० च्या पट्टीचा, हलक्या चाव्यांचा, आणि ज्याचे सुटे भाग मिळतात असा असावा. लहान हातांस तोच न्याय्य आहे. जुने वाद्य मात्र विकू नये, आणि काचेच्या कपाटात शोभेसाठीही ठेवू नये. दोन कारागिरांकडून खर्चाचा अंदाज घ्यावा. नळी धड असेल तर पॅडे, बूच व स्प्रिंगा नव्या घालाव्यात, आणि पैसे अपुरे पडल्यास एक वर्ष थांबावे. चकचकीत करण्याच्या हौसेने पितळ घासून घेऊ नये. घासण्याने धातू झिजतो व छिद्रांच्या कडा बिघडतात. त्याचा मूळचा माउथपीस त्यालाच राहू द्यावा. ज्याची बोटे व कान तयार झाले आहेत अशा वादकाने ते वाजवावे, म्हणजे त्याचा मऊ भरदार नाद आपल्या मेळास मिळेल.

दुरुस्तीस कमी लेखणाऱ्यांनी तैवानातील हौली या गावाची गोष्ट ऐकावी. १९४० च्या दशकात चांग लिएन-चेंग यांच्या हाती आगीत खराब झालेला एक सॅक्सोफोन आला. त्यांनी तो सुटा केला, भाग न् भाग मोजला, आणि त्यावरून स्वतः नवा घडविला. पुढे ते सबंध गाव सॅक्सोफोनाच्या धंद्यासाठी जगात प्रसिद्ध झाले. तेथले नवे वाद्य जुने उघडून पाहण्यातूनच जन्मास आले.

शेवटी सांभाळाचे नियम सांगतो. वाजवून झाल्यावर नळीतून फडके ओढावे. ओले वाद्य पेटीत कोंडू नये. रीड काढून वेगळी ठेवावी. समुद्राकाठी वाजविल्यावर, जसे आज रात्री आपण वाजवू, चाव्यांवरून कोरडे मऊ फडके फिरवावे. दांड्यांस वेळेवर तेलाचा थेंब द्यावा. आणि पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा, जुन्या व नव्या दोन्ही वाद्यांत दिवा सोडून पाहावे. कारण नवे वाद्यही कोकणात फार काळ नवे राहत नाही. असा एक दिवा आम्ही मुंबईहून आणला आहे. तो महोत्सवाची आमची अल्प भेट म्हणून वाद्यमेळाच्या कपाटात ठेवावा, अशी समितीस विनंती आहे. कोणाही शिक्षकाने विद्यार्थ्यास बोल लावण्यापूर्वी तो पेटवावा.